बाळंतिणीला कोण काय सांगत आले

मैत्रिणींनो, लोहाच्या गोळ्या घ्या, पोटभर जेवा, बाळाला चीक पाजा, असे सांगून सांगून आमचा घसा बसला आणि ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. म्हणून या खेपेला सूचना मागे ठेवल्या आहेत. आधी सूचनांचाच इतिहास सांगतो. बाळंतिणीला आजवर कोण काय सांगत आले, कोणाचे ऐकून बाया वाचल्या, कोणाचे ऐकून दगावल्या, आणि बायांनी पुष्कळदा ऐकलेच नाही त्याला काय कारण होते, हे आज बघू.

सुरुवात सटवाईपासून करू. पाचव्या रात्री पाटा-वरवंटा मांडायचा, दिवा लावायचा, रात्रभर कोणीतरी जागे राहायचे. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते, असे आपल्या आज्या मानायच्या. आता आपण त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतो. पण नीट बघा. जन्मल्यापासून २८ दिवसांच्या आत जी बाळे दगावतात, त्यांतली चारातली तीन पहिल्या आठवड्यातच जातात. हे आजचे जगभरचे मोजमाप आहे. आज्यांकडे आकडे नव्हते, पण किती दिवसांची बाळे गेली ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पाचवी-सहावीची रात्र धोक्याची, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माहीत नव्हते ते कारण, आणि उपाय हातात नव्हता. मग जागायचे आणि हात जोडायचे, एवढेच उरत होते.

कारण कुठे सापडले, ते ऐका. त्यासाठी आपल्याला जरा लांब, युरोपातल्या व्हिएन्ना शहरात जावे लागेल. १८४० च्या दशकात तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतपणाचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपणे करत. दुसऱ्यात सुइणी. कुठे जास्त बाया मरत असतील? तुम्ही म्हणाल सुइणींकडे. नाही. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरातल्या अकरा बाया बाळंतरोगाने गेल्या, आणि सुइणींच्या विभागात तीनसुद्धा नाही. गावातल्या बायांना हे माहीत होते. डॉक्टरांच्या विभागात नको, सुइणींकडे टाका, म्हणून त्या रडून विनवण्या करायच्या. शहाणे लोक म्हणायचे, बायका घाबरट असतात.

इग्नाझ सेमेलवाइस नावाचा एक तरुण डॉक्टर तिथे होता. त्याने मनावर घेतले. १८४७ मध्ये त्याच्या लक्षात आले, की शिकाऊ डॉक्टर सकाळी मुडद्यांची चिरफाड करतात आणि त्याच हातांनी येऊन बाळंतिणीला तपासतात. सुइणी मुडद्यांना हात लावत नव्हत्या. फरक तेवढाच. त्याने क्लोरिनच्या पाण्याची परात दारात ठेवली आणि हात धुतल्याशिवाय आत यायचे नाही असा नियम केला. थोड्याच महिन्यांत मृत्यू शंभरी दोनावर आले. आता एवढे झाल्यावर त्याला डोक्यावर घ्यायला हवे होते की नाही? पण आपल्या हातांनी बाया मेल्या, हे मोठ्या डॉक्टरांना सोसवले नाही. त्यांनी त्याला हसण्यावारी नेले. १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. जंतू म्हणजे काय ते जगाला पुढे कळले, आणि मग सगळे हात धुऊ लागले.

ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगितली. आपल्याकडे बाळंतपणातल्या मरणाचे खापर नेहमी सुइणीच्या आणि अडाणी आईच्या डोक्यावर फुटते. सुइणीच्या हातूनही चुका झाल्या, ते पुढे सांगतोच. पण व्हिएन्नाच्या त्या गरीब बायांचे बोलणे कोणी वेळेवर ऐकले असते, तर कित्येक जणी वाचल्या असत्या.

आता आपल्या मुलखात येऊ. १८६३ साल, पुणे. त्या काळी विधवा बाईला दिवस गेले तर तिच्यापुढे दोनच वाटा असायच्या. एक तर विहीर, नाही तर जन्मलेल्या बाळाचा गळा. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि त्याच्या जाहिराती गावात लावल्या. गुपचूप या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे तर न्या, ठेवायचे तर ठेवा, असा त्यांचा मतलब. आमच्या मते आपल्या भागातला बाळंतपणाचा हा पहिला खरा सल्ला म्हणायला हवा. त्यात उपदेश नव्हता, जागा होती. १८८४ पर्यंत तिथे पस्तीस विधवा बाळंत झाल्या. सावित्रीबाई त्यांची उठबस करायच्या. त्यांतल्याच एकीचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई आजाऱ्यांची सेवा करता करता गेल्या, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

सेमेलवाइस गेला त्याच १८६५ सालात, मार्चमध्ये, कल्याणला एक मुलगी जन्मली. यमुना तिचे नाव. नवव्या वर्षी लग्न झाले, आनंदीबाई जोशी झाली. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. चौदा वर्षांची पोर, आणि कुशीत दहा दिवसांचे बाळ. पुढे आनंदीबाई अमेरिकेला डॉक्टरकी शिकायला गेल्या, त्याच्या मुळाशी हे दहा दिवस होते. १८८३ मध्ये जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केले. आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरपुढे बोलायला लाजतात, दुखणे अंगावर काढतात, म्हणून इथल्याच बायांनी डॉक्टर व्हायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते. १८८६ च्या मार्चमध्ये त्या पास झाल्या. त्यांचा प्रबंधही जुन्या हिंदू प्रसूतिशास्त्रावरच होता. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूक झाली, पण तिथे रुजू व्हायला शरीराने साथ दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, क्षयाने पुण्यात गेल्या. आपल्याकडच्या एकाही बाळंतिणीला त्यांचा हात लागला नाही, याची चुटपुट आम्हाला दर वेळी वाटते.

त्यांच्यामागून रखमाबाई आल्या. नको असलेल्या नवऱ्याकडे जायला नकार देऊन ज्यांनी मुंबईत खटला लढवला, त्याच या रखमाबाई. १८९४ मध्ये विलायतेत डॉक्टर होऊन आल्या आणि कितीतरी वर्षे सुरतेला बायांच्या इस्पितळात काम केले. सुरुवातीला तिथे बाळंत व्हायला कोणी येईना. इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणून तिचे बाळंतपण केले आणि बायांना दाखवले, अशी गोष्ट सांगतात. भाषण देऊन जे झाले नसते ते शेळीने केले. अशी डोकेबाज बाई आपल्या तालुक्याला एक असती तर काय बहार झाली असती!

सरकारी पातळीवर याच सुमाराला बायांसाठी इस्पितळे निघाली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत कामा हॉस्पिटल उघडले. पण ही सगळी शहरांची कहाणी. खेड्यात पुढची शंभर वर्षे बाळंतीण, सुईण आणि अंधारी खोली, एवढेच.

त्या खोलीत काय चालायचे ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. नाळ विळ्याने कापायची, कुठे दगडाने ठेचायची. वर राख नाही तर शेण लावायचे. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. ते नाळेतून आत गेले की आठवड्याभरात बाळाचे तोंड मिटायचे, अंग ताठ व्हायचे, आणि खेळ खलास. लोक म्हणायचे, बाहेरची बाधा झाली. पुढे गरोदरपणात धनुर्वाताचे इंजेक्शन आले, सुइणींना प्रशिक्षण मिळाले. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, पाते नवे, दोरा स्वच्छ, नाळेला काही लावायचे नाही. २०१५ मध्ये आपल्या देशातून आई-बाळांचा धनुर्वात हटल्याचे जाहीर झाले. दंडात टोचून घेताना आपण कुरकुरतो, पण त्या एका सुईने आपल्या घरातली किती मुले राखली, त्याचा हिशेब नाही.

मात्र सगळ्याच जुन्या समजुतींना एका फटक्यात अडाणीपणा म्हणू नका, बरं का. गरोदर बाईने कमी जेवावे, नाही तर बाळ मोठे होऊन अडेल, असे आपल्याकडे म्हणतात. आज हा सल्ला चुकीचाच आहे. त्याने बाळ किरकोळ होते आणि आई अशक्त राहते. पण ज्या काळी कोसोकोस सिझेरियन नव्हते, तेव्हा अडलेले बाळ म्हणजे दोघांचे मरण. ते पाहिलेल्या बायांनी हा मार्ग शोधला होता. त्यामागचे भय खरे होते. आता अडलेल्या बाळासाठी इस्पितळ आहे, म्हणून तो सल्ला सोडायचा. सासूबाईंना असे सांगितले तर पटते. तुम्हाला काही कळत नाही, असे म्हटले की त्या दार लावून घेतात, आणि बरोबरच आहे त्यांचे.

चिकाची गोष्ट मात्र आम्हाला आजवर उलगडलेली नाही. गाय व्याली की चिकाचा खरवस करून घरोघरी वाटतो, बोटे चाटून खातो. आणि स्वतःचा चीक पिळून टाकतो, बाळाला देतो मधाचे बोट! आईचा पिवळा चीक हे बाळाचे पहिले औषध. जन्मल्यावर तासाभरात पाजायचे. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये.

आता जामखेडला जाऊ. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या नवरा-बायकोने नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, त्या दुष्काळी भागात काम सुरू केले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाया खेड्यात पाठवल्या. जमले नाही. बाहेरची नर्स गावात रुळेना आणि गावकऱ्यांना ती आपली वाटेना. मग गावातलीच बाई निवडायची ठरले. पुष्कळ जणींना अक्षरओळख नव्हती, काही विधवा, काही टाकलेल्या, काही दलित वस्तीतल्या. त्या जामखेडला शिकायला यायच्या, पुन्हा गावात जाऊन काम करायच्या, अडले ते घेऊन परत यायच्या. गरोदर बाई तपासणे, बाळंतपण, मुलाचे वजन, जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी, सगळे त्या शिकल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, त्यांच्या हातात गावाने आपल्या सुना दिल्या. हे एका दिवसात झाले नाही, पण झाले. पुढे जगभरातून लोक हे काम बघायला आणि शिकायला जामखेडला येऊ लागले.

आणि मग गडचिरोली. इथे आम्ही जरा बैठक मारणार आहोत.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत शिकून परतले आणि १९८६ पासून गडचिरोलीत राहिले. 'सर्च' ही त्यांची संस्था. तुम्ही दवाखान्यात का जात नाही, असे त्यांनी आदिवासींना विचारले. डॉ. बंग सांगतात, की लोक म्हणाले, तिथले डॉक्टर आणि नर्स पांढरे कपडे घालतात, आणि आमच्यात पांढऱ्यात मुडदा गुंडाळतात. तिथे आमची भाषा कोणी बोलत नाही. बरोबरच्या माणसाला राहू देत नाहीत. तुम्हीच सांगा, यातले एकतरी कारण खोटे आहे का? मग त्यांनी दवाखाना आदिवासी पाड्यासारखा बांधला, नातेवाईक राहतील असा, आणि नाव दिले लोकांच्या देवीचे, माँ दंतेश्वरी.

त्याआधी राणीबाईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरचे जाणे, पाळीचा त्रास, सूज, काही ना काही स्त्रीरोग निघाला. आणि यापूर्वी कधी तपासणी झालेल्या किती? शंभरात आठ. १९८९ मध्ये हे छापून आले तेव्हा जगातल्या तज्ज्ञांना धक्का बसला. आपल्याला तो बसणार नाही. सरकारी दवाखान्यात बाईची आठवण तोवर दोनच वेळा व्हायची, पोट आल्यावर आणि ऑपरेशनची शिबिरे भरल्यावर. राणीबाईंनी या बायांचे, सुइणींचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकले. शरीराच्या भागांना, दुखण्यांना त्यांचे स्वतःचे शब्द होते, ते शिकून घेतले. त्यावर त्यांचे 'कानोसा' नावाचे पुस्तक आहे. सल्ला देणाऱ्याने आधी कानोसा घ्यायचा असतो.

बाळांचे काम पुढे सुरू झाले. १९९५-९६ मध्ये ३९ गावांत जन्मलेल्या ७६३ बाळांवर गावातल्याच शिकवलेल्या बायांनी घरी जाऊन लक्ष ठेवले आणि नोंदी केल्या. ४० बाळे महिन्याच्या आत गेली. निम्म्याहून जास्त बाळांना उपचाराची गरज होती. डॉक्टर किंवा वैद्याने पाहिलेली बाळे शंभरात तीनसुद्धा नव्हती, आणि इस्पितळात पोचलेली हजारात चार. इस्पितळ असूनही! बाळंतीण सव्वा महिना बाहेर निघत नाही, बाळाला उन्हावाऱ्यात नेत नाहीत, एसटी दिवसातून एकदा, पैसे घरधन्याकडे. हे सगळे तुमच्या ओळखीचे आहे.

बंगांनी विचार केला, बाळ दवाखान्यात येत नाही तर दवाखाना बाळाकडे जाईल. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्या बायका आरोग्यदूत झाल्या. झोळीत वजनकाटा, थर्मामीटर, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायची पिशवी, बाळाला ऊब द्यायची गोधडीची पिशवी, आणि जंतुदोष झालेल्या बाळासाठी जंतुनाशक औषध आणि इंजेक्शन. हो, इंजेक्शन. खेड्यातली बाई तान्ह्या बाळाला सुई देणार, यावर भुवया उंचावणारे होतेच. पण या बायांनी ते नेमाने केले. तिसऱ्या वर्षापर्यंत शंभरातल्या ९३ बाळांपर्यंत त्या पोचल्या. आधी हजारात ६२ बाळे पहिल्या महिन्यात जात होती, १९९८ पर्यंत पंचवीस-सव्वीसावर आली. १९९९ मध्ये हे आकडे जगापुढे आले.

त्यातली एक वस्तू आम्हाला फार आवडते. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात. पण सुइणीला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? त्यांना मण्यांची पाटी करून दिली. बाजूला मिनिटभराची वाळूची घटिका. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी आला की श्वास जास्त, औषध सुरू करायचे. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येते. अडाणी अडाणी म्हणून जिला बाजूला सारले होते तिला न्यूमोनिया ओळखता येऊ लागला. अडचण तिच्या डोक्यात नव्हती, अवजारात होती.

मेळघाटात आणि इतरही काही भागांत बाळाचे पोट फुगले, धाप लागली की तापलेल्या विळ्याने पोटावर डाग देतात. डंबा म्हणतात त्याला. आजही अधूनमधून बातमी येते. डाग देणाऱ्या आईवर सगळे तुटून पडतात. डागाने बाळ बरे होत नाही, जखम होते, जंतुदोष वाढतो, तेव्हा ते थांबलेच पाहिजे. पण त्या पाड्यात रात्री दोन वाजता बाळाला धाप लागली तर दुसरे काय हाताशी आहे, हेही बोलणाऱ्यांनी बघावे.

गडचिरोलीतल्या या कामातून पुढे सरकारी योजना झाली. २००५ मध्ये आशाताई आल्या, आणि २०११ पासून त्यांनी घरी जाऊन नवजात बाळाला बघायचे ठरले. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या भेटींचे मिळून योजनेत तिला धरले होते अडीचशे रुपये. आमचे मत विचाराल तर ही रक्कम लाज वाटावी अशी आहे. आशाताई मानधनासाठी मोर्चा काढतात तेव्हा, ती आपल्या बाळाला तोलायला येते, हे लक्षात ठेवून तिच्या बाजूने उभे राहायला आपल्या गटांना काही हरकत नसावी.

आता तुम्ही म्हणाल, आजकाल सगळ्या दवाखान्यातच बाळंत होतात. खरे आहे. २०१९ ते २०२१ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाली. २०२० च्या नोंदींत राज्यात हजारी ११ बाळे पहिल्या महिन्यात गेली. बासष्टावरून पाहिले तर कुठल्या कुठे आलो. पण दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी पाठवतात, आणि सटवाईची रात्र घरीच येते. म्हणून घरातल्या बाईला चार खुणा ठाऊक हव्यात.

बाळ दूध ओढायचे थांबले, किंवा कालपर्यंत ओढत होते आणि आज ओढत नाही, ही सगळ्यांत मोठी खूण. अंग ढिले पडले, रडणे बारीक झाले किंवा थांबले, हीसुद्धा. बाळाचे तळपाय आणि पोट हाताने बघा. दोन्ही ऊबदार तर ठीक. पाय गार आणि पोट गरम, तर बाळाला थंडी वाजते आहे, आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्या. हा उपाय साधा वाटतो, पण कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमाराला डॉक्टरांनी काचपेट्या कमी पडल्या म्हणून तो सुरू केला आणि आता मोठमोठी इस्पितळे तोच करतात. पाय आणि पोट दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. ताप आला तरीही. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, बाळ शांत असताना. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजा, आणि तेवढेच आले तर निघा. छाती आत ओढली जात असेल तर मोजत बसू नका. पहिल्याच दिवशी पिवळेपणा, नाही तर तळहात-तळपाय पिवळे, नाळेला पू किंवा भोवती लाली, झटके, यांतले काहीही दिसले तर घरगुती काही करू नका. वजन १८०० ग्रॅमच्या खाली असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी एसएनसीयू असते, तिथे दाखवा. पहिल्या दिवशी आंघोळ नको, पुसून कोरडे करा. किरकोळ बाळाला तर आठवडाभर तरी नको.

आईकडेही बघा हो, बाळ आले की तिच्याकडे सगळ्यांची पाठ होते. बाळंतपणानंतर कापडावर कापड भिजत असेल, घाण वास येत असेल, ताप असेल, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, झटका आला, तर तिला त्याच घटकेला न्यायचे. गरोदरपणी रक्त दिसले, पाणी गेले, चेहरा-हात सुजले, बाळाची हालचाल कमी झाली, तरी तेच.

नेण्यात उशीर तीन जागी होतो, असे जाणकार सांगतात. न्यायचे ठरवण्यात, रस्त्यात, आणि पोचल्यावर दवाखान्यात. शेवटच्या दोन जागी भांडायला कायदा आणि योजना आहेत. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण, जाण्या-येण्याची गाडी हे सगळे फुकट आहे, आणि आता वर्षापर्यंतच्या आजारी बाळालाही. १०२ किंवा १०८ लावा. पैसे मागितले तर पावती मागा आणि गटात येऊन सांगा.

पहिला उशीर मात्र घरातला. धनी शेतावर, सासरे पारावर, सासूबाई म्हणतात बघू सकाळी. यावर एक काम आपले गट करू शकतात. ज्या घरी सातवा महिना लागला आहे त्या घरी जाऊन, जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर चार गोष्टी ठरवून घ्यायच्या: रात्री-अपरात्री कोण बरोबर जाईल, घरातल्या मोठ्या मुलांकडे कोण बघेल, गाडी आली नाही तर गावात कोणाची गाडी मिळेल, आणि घरचा पुरुष नसताना न्यायचे कोण ठरवेल. या शेवटच्या प्रश्नाला सासूबाईंचे किंवा खुद्द बाळंतिणीचे नाव सगळ्यांच्या देखत घ्यायला लावा. चारही उत्तरे आणि आशाताईंचा नंबर गटाच्या वहीत लिहून ठेवा, आणि एक चिठ्ठी त्यांच्या चुलीमागच्या भिंतीला चिकटवा.